बिननेटची पत्रिका

खिळ्यावर पक्कड नाही.

टिनाच्या छपरावर तीन माकडं. एकाच्या हातात कुणाच्या तरी वाडीतलं वांगं.

देवघरात, करंड्याशेजारी, दिवाळीपासून ठेवलेला निळा पेनड्राइव्ह. देवांना कुंकू लावताना सासूबाई त्यालाही एक बोट लावतात.

चारशे गुलाबी लिफाफे. कोरे.

स्क्रीनवर लाल चौकट: इंटरनेट जोडा आणि पुन्हा साइन इन करा.

ती चौकट ममतानं मंगळवारी दुपारपासून वीसदा बंद केली होती, आणि ती वीसदा परत आली होती.

फुलसावंगीच्या बसस्टँडसमोर ममताचं ‘समीक्षा ग्राफिक्स’. पत्रिका, बॅनर, अर्ज, पडेल ते काम. डिझाईनचं ते मोठं सॉफ्टवेअर दरवर्षी वर्गणी मागायचं, आणि नेट नसलं की दारच उघडायचं नाही; मोबाईलच्या तुटक रेंजवर तर मुळीच नाही. यंदा वर्गणी भरायची नाही, महिनाअखेर दुकानच बंद करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ‘दुकान बंद होत आहे’ असा कागद शटरवर चिकटवूनही झाला होता. बारा वर्षांच्या दुकानाची शेवटची ऑर्डर तेवढी उरली होती.

ऑर्डर बंजारा तांड्यावरच्या धावजींची. मुलगी प्रेरणाचं लग्न. शुक्रवारी पहिली पत्रिका पोहरादेवीला ठेवायची, मग बाकीच्यांना. देवीच्या आधी त्यांच्याकडे कुणाला पत्रिका जात नाही.

“ताई, शुक्रवार म्हणजे शुक्रवार,” धावजी बजावून गेले होते. “जीप सांगून ठेवली हाय.”

बुधवारी केबलवाला कपिल शिडी घेऊन आला. शिडी लागलीच नाही. नेटची वायर खिडकीपाशीच तुटली होती. तिचं टोक त्यानं बराच वेळ निरखलं.

“माकडानं तोडली असन,” दारातल्या पाटावरून तानाबाई म्हणाली. ही ममताची सासू. पत्रिकांच्या घड्या घालायच्या आणि लिफाफ्यांच्या कोपऱ्यांना हळद लावायची, हे दुकानातलं तिचं काम.

“आजी, माकड चावलं तं वायर चेंदते. हे पक्कडीचं काम हाय. एकदम सफाईचं.” कपिलनं शिडी उचलली. “नवी वायर शनिवारी येईन.”

ममताची नजर आपोआप रस्त्यापलीकडे गेली. तिथं राजदीपचं दुकान. तोही पत्रिकाच छापायचा, आणि आत्ता दारात उभा राहून हात हलवत होता.

“वहिनी, होत नसन तं द्या धावजीले इकडं पाठवून! तुमी तं बंदच करून राह्यल्या!”

“पाह्यलं आई?” ममताचे कान लाल झाले. “त्यानंच कापली.”

“कोणावर आळ कायले घेतं व? माकडंच असतीन.” तानाबाईनं शांतपणे आणखी एका कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. “दे त्याले ऑर्डर अन् आजच लाव कुलूप. मी बी घरी जाऊन निजीन.”

“मरन, पण त्याले देणार नाही!”

ममता तरातरा मागच्या घरात गेली आणि देवघरातला पेनड्राइव्ह घेऊन आली.

दिवाळीत तिची लेक समीक्षा अमरावतीच्या कॉलेजातून आली, तेव्हा शेंगा फोडत बसलेल्या दोघींना तिनं समजावून सांगितलं होतं. ह्यात डिझाईनसाठी इंकस्केप, अर्जाबिर्जासाठी लिबरऑफिस. दोन्ही फुकट, दोन्ही बिननेटची.

“अन् ते मोठंवालं?” तानाबाईनं विचारलं होतं.

“ते नेटबिगर मुकं होते, आजी.”

“बारा वर्षांची हाताची सवय हाय,” ममता म्हणाली होती. “आता कोण नवं शिकते?” तानाबाईनंच मग तो पेनड्राइव्ह उचलून देवघरात ठेवला होता.

आता तीच शिकत होती. जुन्या फॉन्टमधली पत्रिका उघडली, तर गणपतीच्या नावाच्या जागी दोन कंस, एक टिंब आणि डॉलरचं चिन्ह निघालं. तिनं सगळा मजकूर नव्यानं टाईप केला. बटणं भलत्याच ठिकाणी होती. तिनं त्यांना शिव्या दिल्या, मग ती सापडू लागली. संध्याकाळपर्यंत मामा-मावशांसकट सगळे आपापल्या ओळीत उभे राहिले.

अडलं ते पत्रिकेभोवतीच्या नक्षीच्या चौकटीपाशी. तयार नक्षी मिळायची नेटवरून, आणि नेट तर नव्हतं.

गुरुवारी सकाळी धावजींची बायको मैनाबाई नावं तपासायला आली. तिच्या ओढणीवरचे आरसे उन्हात चमकले, आणि ममता नावं वाचता वाचता थांबली.

“मावशी, ओढणी देता का घडीभर?”

ओढणीची किनार स्कॅनरवर पसरली. मग एकेक आरसा, त्याभोवतीचा एकेक टाका ममतानं माऊसनं गिरवला. दुपारी पत्रिकेभोवती आरशांची रांग उभी राहिली. मैनाबाईनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

“हे तं माह्या मायच्या हातचं व!” ती म्हणाली, आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली.

शुक्रवारी सकाळी जीप दुकानासमोर थांबली. हातातली पत्रिका आरशासारखी उन्हात धरून धावजी ओरडले, “ताई, तांड्यावर अजून तीन लग्नं हायेत! तिघायलेबी अशीच पायजे! बंद-बिंद काही नाही!”

जीप गेली. ममतानं शटरवरचा कागद टरकन फाडला आणि त्याच्या पाठीवर नव्या ऑर्डरी लिहून घेतल्या.

तेवढ्यात राजदीप रस्ता ओलांडून आला, डोकं खाजवत.

“वहिनी, तो पेनड्राइव्ह... माह्यीबी मुदत संपून राह्यली.”

“घेऊन जा. पण आता वायर कापाची नाही.”

“आईशप्पथ वहिनी! मंगळवारी मी मुकुटबनले साल्याच्या घरी गेलतो. दुकान दिवसभर बंद होतं माह्यं!”

ममतानं त्याच्याकडे पाहिलं, मग छपराकडे. “मंग काय, खरंच माकडं?”

“मी तं पहिल्यापासून तेच म्हणून राह्यली,” घडी घालता घालता तानाबाई म्हणाली.

मंगळवारी दुपारी पक्कड तानाबाईच्या ओच्यात होती.