पहिलीचा शंभरावा दिवस

धाकट्या डॅरलला जुळ्या मुली झाल्या त्याच वर्षी, त्र्याण्णवच्या ऑगस्टात, ऑलेटा पहिलीत बसली. हेडमास्तर आधी म्हणाले, वय बसत नाही. मग डॅरल जाऊन त्यांच्याशी काय बोलला कोण जाणे, पण वर्गात एक खुर्ची वाढली.

वर्गात ती सगळ्यांत उंच. गुडघे टेबलाखाली मावत नसत, म्हणून तिरकी बसायची. शेजारी कोडी नावाचा पोरगा. दोघांचेही पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे वाचताना दोघांची शिट्टी सारखीच वाजायची. जेवणानंतर हेन्सलीबाई सगळ्यांना टेबलावर डोकं टेकून पडायला लावत. सर्वांत आधी ऑलेटाचा डोळा लागे. "मला वेगळं काही नको. या सगळ्यांना जे, तेच मला," असं तिने पहिल्याच दिवशी बाईंना बजावलं होतं. बाईंनी ते पाळलं.

फेब्रुवारीत शाळेचा शंभरावा दिवस आला. त्या दिवशी पहिलीची पोरं शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यांचं सोंग घेऊन येतात, कशाचेही शंभर नग आणतात आणि घरच्यांसमोर उभं राहून एकेक पान वाचून दाखवतात.

ते पान ऑलेटाच्या छातीवर बसलं होतं. नाताळच्या कार्यक्रमात तिच्या वाट्याला एकच ओळ होती. पुस्तक उघडलं, अक्षरं मुंग्यांसारखी पळाली, आणि ती खाली उतरून तडक डॅरलच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. आज पुन्हा तसं झालं, तर उद्यापासून शाळा बंद. हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

"डबा घेतलास? चष्मा?" फाटकाशी गाडी थांबवून डॅरलने विचारलं.

"घेतला. शंभर बटणंही घेतली. रात्री दोनदा मोजली."

"नाही जमलं तर नाही जमलं. मी मागेच उभा असेन."

"तू मागे उभा राहून रडू नकोस, म्हणजे मिळवली," असं म्हणून ऑलेटा बर्फात जपून पाय टाकत आत गेली.

वर्गात नुसती म्हाताऱ्यांची जत्रा. कुणी केसांत पावडर ओतलेली, कुणी शर्टात उशी कोंबलेली. कोडी बापाच्या हॅटखाली दिसतच नव्हता. ऑलेटा मात्र दोन वेण्या घालून आली होती, वर लाल रिबिनी.

"ऑलेटा विसरली! ऑलेटा विसरली!" क्रिस्टल शाल सावरत नाचायला लागली. "आज म्हातारं व्हायचं होतं!"

"विसरले गं बाई."

कोडीला दया आली. त्याने तिचा हात धरला. "ये, मी शिकवतो. कंबर वाकव. आता हात थरथरव. आता म्हण, अरे देवा, माझे गुडघे!"

"अरे देवा, माझे गुडघे!"

कोडीने मान हलवली. "छ्या! म्हातारे असं करतात होय? तुला जमतच नाही."

हेन्सलीबाई पाठ फिरवून कोरा फळा पुसत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

दहा वाजता घरची माणसं आली आणि वाचन सुरू झालं. क्रिस्टलने धडाधड वाचलं. मग बाई म्हणाल्या, "ऑलेटा."

ती पुढे जाऊन उभी राहिली. पान बदकाचं होतं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत तीन तुकड्यांचा एक शब्द आडवा आला, आणि अक्षरं पुन्हा हलायला लागली. मागे डॅरलच्या कडेवरची एक पोरगी कुरकुरली.

कोडीने हॅट वर करून तोंड उघडलं.

"सांगू नकोस!" ऑलेटा खेकसली. तिने शब्दाखाली बोट ठेवलं. "टु." बोट सरकलं. "मॉ." बोट पुन्हा सरकलं. "रो. टुमॉरो! बदक म्हणालं, टुमॉरो मी पोहणार!"

टाळ्या पडल्या, पण तिला त्या ऐकूच आल्या नाहीत. तिने पान उलटलं आणि कुणी न सांगता पुढचंही वाचायला घेतलं.

"ए, बस की आता!" कोडी ओरडला. "माझा नंबर आहे!"

मागे डॅरल रडत होता. त्याचं बघून जुळ्याही रडायला लागल्या. मग सगळ्यांनी केळ्याचं पुडिंग खाल्लं. ऑलेटाने दोनदा घेतलं, आणि बाईंनी काही म्हणायच्या आत कोडीच्या वाटीतलंही चमचाभर उचललं.

मे महिन्यात ती सगळ्यांबरोबर पहिली पास झाली. पुढच्या वर्षी, पंचाण्णवच्या नऊ एप्रिलला, दुसरीत असताना ऑलेटा टॅकेट घरी झोपेत वारली. मागे तिची सात मुलं, त्यांतला सगळ्यांत धाकटा डॅरल, आणि एकवीस नातवंडं. वय एक्याऐंशी.