शीळकरी कस्तुराची नोंद

शरयूबाई पेडणेकरांनी तीस वर्षं खपून लिहिलेल्या, कोकणातल्या पक्ष्यांच्या जाडजूड ग्रंथाची नवी आवृत्ती निघत होती. आता प्रत्येक पक्ष्याच्या आवाजापुढे त्याचा अर्थही छापायचा होता. म्हणून दुभाष्या यंत्र घेऊन त्या आंबोलीच्या ओढ्याकाठी आल्या. शीळकरी कस्तुराने लांबून शीळ घातली. 'मधुर, रेंगाळणारी,' असं बाईंनीच ग्रंथात लिहिलं होतं. यंत्र म्हणालं, 'ती आली. लपा.'

"बाई, ता तुमका बघान ओरडता," सोबत आलेले वनरक्षक गावडे चाचरत म्हणाले.

बाईंनी ग्रंथातलं ते पान काढलं. तीस वर्षं आपण भीतीलाच गाणं म्हणत आलो!

त्यांनी ती नोंद खोडली आणि रोज पहाटे यंत्र घेऊन एकट्याच येऊन ओढ्यातल्या एका दगडावर बसू लागल्या. न बोलता, न हलता. किती पहाटा गेल्या कोण जाणे. धुकं अंगावरून वाहायचं, केसांत दव साचायचं, पदराला शेवाळाचा वास येऊ लागला.

एके दिवशी कस्तूर अगदी हाताच्या अंतरावर उतरला. मान वाकडी करून त्याने पाहिलं आणि हलकेच शीळ घातली.

यंत्र कुजबुजलं, 'कोणी नाही. झाड आहे.'

बाईंचे डोळे वाहू लागले, पण पुसायला हात काही उचलला नाही. झाडावरून दव असंच ओघळतं.