रायटरचा हात

तंजावूरच्या एका पोलीस ठाण्यात जबाब लिहिणारे रायटर सेतुराव. हल्ली पेन धरलं की त्यांची बोटं आखडत. लाठी धरली तर नाही. एक डॉक्टर म्हणे नसांचं दुखणं, दुसरा म्हणे मनाचं.

त्या सकाळी चोरीच्या संशयावरून आणलेला ड्रायव्हर मार खाऊन कोठडीतच मेला.

"योव् रायटर, लिही," इन्स्पेक्टर म्हणाला. "बाथरूममध्ये पाय घसरला."

सेतुरावांची बोटं पेनाभोवती वळून घट्ट झाली. अक्षर उमटेना.

"नसा की मन, डॉक्टरांचं ठरत नाही ना? आता हाड म्हणून सांग." इन्स्पेक्टरनं त्यांचा हात टेबलावर दाबला आणि लाठी उचलली.

इस्पितळात प्लास्टरकडे बघत बायकोनं विचारलं, "काय झालं हो?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," सेतुराव म्हणाले.