ताटावरची प्रार्थना

पाळकसाहेब ताटापुढे डोळे मिटून बसले होते. “प्रभो, या रश्श्याबद्दल तुझे आभार, या भाकरीबद्दल तुझे आभार…”

त्यांची बायको मार्थाबाई ऐकत उभ्या होत्या. ‘एकमेकांना उत्तेजन द्या’ यावर पाऊण तास उपदेश करून साहेब आत्ताच चर्चमधून आले होते. दारात थांबून “संदेश फार छान झाला” हे त्यांनी प्रत्येकाकडून वदवूनही घेतलं होतं. घरात मात्र तीस वर्षं एकच रीत: जेवण जमलं की आभार प्रभूचे, मीठ कमी पडलं की हाक मार्थाला. आज बाईंनी हळूच ताट उचललं.

“आमेन!” साहेबांनी डोळे उघडले. “मार्था, ताट कुठंय?”

“ज्याचे आभार मानलेत, त्यालाच वाढायला सांगा.”

साहेब चपापले. दुखरा दात उपटावा तसा एकेक शब्द काढत म्हणाले, “रस्सा… तू… छान करतेस.”

बाई चक्क लाजल्या. त्यांनी ताट परत ठेवलं आणि सवयीने बोलून गेल्या, “अहो, माझं कसलं! सगळी प्रभूची कृपा.”

“तेच तर मी रोज म्हणतो!” साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी घास घेतला. “फक्त मीठ जरा कमी पडलंय हं, मार्था.”