सात डोळस पत्ते

रुखमाबाईनं डाव्या हातानं पत्ता उचलला आणि उलटा करून सतरंजीवर ठेवला. पत्त्यावर मुळांच्या जुडीचं चित्र होतं. मूळ नक्षत्र.

"उठा वहिनी," नानाजी म्हणाले. "मोडली सोयरीक."

मागे तिचा मुलगा धनराज उभा होता. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याच्या जिवाला जड, हे मार्कंड्याच्या जत्रेत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. धनराजला दिव्यानी हवी होती आणि दिव्यानीला धनराज. अडचण एवढीच, की तिची पत्रिका नव्हती. तिची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी टाकलेली, एक जुलै. त्या गावातली निम्मी पोरं एक जुलैचीच आहेत. पण नानाजी धनराजचे सख्खे काका, आणि काकाला अडून बसायला एवढं पुरतं. शेवटी असं ठरलं, की शिवरात्रीच्या जत्रेत कलाबाईकडे जायचं, मुलीचं नक्षत्र मुलाच्या आईनं उचलायचं, आणि निघेल ते सगळ्यांनी मान्य करायचं.

कलाबाई दर जत्रेला वैनगंगेच्या काठावर सतरंजी टाकते. पूर्वी तिच्याकडे पोपट होता. पोपट पाळायला बंदी आहे असं कळलं तेव्हा तिनं तो उडवून दिला, तर दोन दिवस तो पिंजऱ्यावरच येऊन बसत होता. तेव्हापासून गिऱ्हाईकच पत्ता उचलतं. पत्ते सत्तावीस, नक्षत्रं सत्तावीस.

रुखमाबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. तिचा नवरा लहानू, नावानं लहानू पण घरात थोरला, चौदा वर्षांपूर्वी मिरची तोडायला खम्ममकडे गेला होता. पाडव्याला मजुरांची गाडी परत आली. तिच्यात लहानू तेवढा नव्हता. पुढच्या शिवरात्रीला रुखमाबाई पहिल्यांदा या सतरंजीवर बसली आणि माणूस परत येईल का, असं तिनं विचारलं.

हरवलेल्याचा हिशेब कलाबाईला आजीकडून मिळाला होता. काही नक्षत्रं आंधळी, त्यांच्यावर हरवलेलं लवकर सापडतं. काहींवर कष्टानं सापडतं, काहींवर नुसती बातमी लागते. आणि सात नक्षत्रं डोळस. त्यांच्यावर गेलेलं परत येत नाही, बातमीही लागत नाही. त्या वर्षी स्वाती निघाली. स्वाती डोळस. कलाबाईनं होतं तसं सांगून टाकलं. रुखमाबाई दुपारपर्यंत तिथून उठली नाही. तिनं पाणीही घेतलं नाही.

पुढच्या वर्षी ती लांबून येताना दिसली आणि कलाबाईनं सातही डोळस पत्ते काढून पानाच्या चंचीत सारले. मग दरवर्षी तेच. कधी रोहिणी निघे, कधी पुष्य, कधी हस्त. लवकर येईल, उशिरा येईल, बातमी येईल. रुखमाबाई ऐकून घेई, पत्त्यांची जुडी करून परत देई, कपाळावरचं कुंकू नीट करी आणि उठून जाई. खोटं बोलणं कलाबाईला नवीन नव्हतं, पण या एका खोट्याचा तिला मनापासून अभिमान होता.

आज प्रश्न वेगळा होता. मुलीचं नक्षत्र काढायचं तर डाव पुरा हवा. कलाबाईनं सातही पत्ते परत मिसळले, आणि त्यांतलाच एक निघाला.

तिला स्वतःचीच चीड आली. लहानू जिवंत आहे असं मानणं गावानं कधीच सोडून दिलं होतं. त्याला एवढी वर्षं जिवंत ठेवलं ते तिनंच. आता तोच या पोरांच्या आड आला होता. पण हे सांगायचं कुणाच्या तोंडानं? पत्ता कधी कधी चुकतोही, असं ती चाचरत म्हणाली.

"तो कसा चुकंल?" नानाजी म्हणाले. "भाऊ जिता आहे म्हणून वहिनी दरसाली तुह्यापासूनच ऐकून येते. त्याच्या जिवावर उठणारी सून आम्ही घरात कशी घ्यावी?"

त्यांचं चुकत नव्हतं. धनराज खाली बसला.

रुखमाबाई पत्त्याकडे पाहत होती. तिची बोटं काळी आणि चिरलेली होती. तीस वर्षं ती तेंदूपत्ता तोडते. सत्तर पानांचा एक पुडा, आणि तिच्या पुड्यात कधी एकोणसत्तर निघालं नाही. ती बोटं मोडून मोजत नाही. जुडी हातात घेतली की तिला आकडा कळतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "ज्याले जड जायचं, तो माणूस नाई आता. चौदा साल झाले. लग्नाची तारीख काढा."

चौदा वर्षांत तिच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं. नानाजींनी तिच्या कुंकवाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. धनराजनं "माय" म्हणून तिचा हात धरला आणि तो रडू लागला. वडील गेल्याचं तो पहिल्यांदाच रडत होता. रुखमाबाईनं त्याला रडू दिलं. मग त्याला नानाजींबरोबर पुढे पाठवलं आणि स्वतः पदर सावरत उभी राहिली.

कलाबाईला राहवलं नाही. दरसाली पत्ता चांगला निघत होता, मग आजच आस कशी सुटली, असं तिनं विचारलं.

रुखमाबाईनं वाकून सतरंजीवरचे पत्ते गोळा केले, त्यांची जुडी करून कलाबाईच्या हातात दिली आणि क्षणभर तो हात आपल्या हातात तसाच धरून ठेवला.

"पयल्या साली सत्तावीस होते," ती म्हणाली. "मंग बारा साल तू वीसच मांडले. तुही माया पाहाले येत होतो, बाई."