न बघितलेली पानं

या, असे जवळ सरकून बसा. देवाने माणसाला जीभ दिली, आणि एका भल्या माणसाने ती अकरा वर्षं टाळ्याला चिकटवून ठेवली. त्याची गोष्ट सांगतो.

पोकरच्या डावात विनीने आपल्या सगळ्या चिपा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, पुढे सारल्या. समोर ऑरिनच्या हातात दोन राजे होते. पण टेबलावर शेवटचं उघडं पान पडलं ते एक्क्याचं, आणि ते पडताच तिने सगळं लावलं. तिच्या हातात अजून एक एक्का असेल, तर राजे हरले. आता ऑरिनने तेवढंच लावून तिची पानं बघायला मागायची, नाहीतर आपली टाकून द्यायची.

अमेरिकेतल्या एल्को गावच्या एका कॅसिनोत ही म्हातारी मंडळी दर मंगळवारी दुपारी पोकरला बसत. आजचा मंगळवार शेवटचा. उद्या टेबलं हलणार, तिथे जुगाराची मशिनं येणार. विनीही उद्या सकाळीच लेकीकडे दूरच्या बॉयसी शहरी निघणार होती, कायमची. विधुर ऑरिनला तिला एवढंच विचारायचं होतं: माझ्याकडे जेवायला येशील का? अकरा वर्षं दर मंगळवारी तो गुळगुळीत दाढी करून यायचा, तिचा काहीच थांग न लागू देणारा, मिटलेला चेहरा बघायचा आणि न विचारताच घरी जायचा.

"टाक रे, टाक!" शेजारचा डेल्बर्ट कॉफी ढवळत म्हणाला. "विनीने लावलं म्हणजे बायबलवर हात ठेवला समज. तुझी पानं घाल चुलीत!"

"तू गप रे. त्याला विचार करू दे," विनी म्हणाली.

ऑरिनने विचार केला. ही बाई तासन्‌तास पानं टाकत बसते. कधीतरी लावते, आणि लावते तेव्हा सगळे निमूट आपली पानं टाकतात. आज तर ती त्याच्यावरची नजरही काढत नव्हती. एवढी खात्री!

त्याने राजे पालथेच सरकवले. "तुझंच खरं, विनी. एक्का आहे तुझ्याकडे."

विनीने चिपा ओढल्या नाहीत. पानं उलटली. सत्ती आणि तिर्री. जोडी नाही, काही नाही.

डेल्बर्टचा चमचा कपातच राहिला. "अगं बाई! हे थापा मारणं कधीपासून चाललंय?"

"तुला काय करायचंय?" ती ऑरिनकडेच बघत होती. "अकरा वर्षं, ऑरिन. माझ्याकडे काय आहे, ते तूच ठरवून मोकळा होतोस. एकदा तरी विचारायचं होतंस रे."

ऑरिन इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे पडली. "जेवायला येतेस? माझ्याकडे?"

विनीने पर्समधून फोन काढून लेकीला लावला. "हॅलो, मी बोलतेय. उद्या नाही येत गं. ...नाही, बरी आहे मी. मला जेवायला बोलावलंय."

तुम्हीही कधी कुणाचा मिटलेला चेहरा बघून मागे फिरायला निघालात, तर दारातच थांबा आणि आमच्या विनीची आठवण काढा.