जिवंत टायर

बाभळीचा काटा मोडूनही हवा गेली नाही. टायरमधल्या जिवंत जेलने भोक लगेच बुजवलं होतं.

"हे टायर उघडावं लागत नाही," उर्मिला नवऱ्याला म्हणाली. पण हेरंब जुना सायकलवाला. त्याने टायर काढून सवयीने आतून बोट फिरवलं. काटा सापडला, तो बोटात रुतूनच.

दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये त्याला सलाईन लागेना. प्रत्येक सुई आतून बुजत होती.

"जेल रक्तात गेलंय," डॉक्टर म्हणाले. "त्याला टायर काय, माणूस काय. भोक दिसलं की बुजवतं."

हेरंबच्या दोन्ही नाकपुड्या सकाळीच बंद झाल्या होत्या. ओठ मिटू नयेत म्हणून उर्मिला त्याला सारखं बोलतं ठेवत होती. आता तिला प्रश्न सुचेनासे झाले होते.